चार छटांमधली आजी

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेले शब्द काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कुणी लोकलमध्ये उभ्याने ऐकत असेल, कुणी रात्री आडवं पडून. मी आटगावहून बोलतेय. कसारा लोकल पकडली की आसनगावनंतर येतं ते आटगाव. मागे जो खडखडाट ऐकू येतोय तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे. तेवढा चालवून घ्या.

आजचा प्रश्न असा की ज्या फोटोतल्या करड्या छटा उडून गेल्यात, तो फोटो पुन्हा नीट करता येतो का? आणि त्यासाठी उत्क्रांतीचा, म्हणजे शाळेत वाचलेल्या डार्विनच्या उत्क्रांतीचा, काय उपयोग? विषय कॉलेजच्या प्रोजेक्टसारखा वाटतोय ना? माझा तो प्रोजेक्टच होता. पण त्या प्रोजेक्टमध्ये माझी आजी होती, म्हणून सांगायला बसलेय.

फोटो कसा गेला

आजीचा, म्हणजे बाबांच्या आईचा, तरुणपणीचा एकच फोटो होता. म्हशाच्या जत्रेतला. मुरबाड तालुक्यात म्हसा गावाला पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. बैलबाजार असतो, घोंगड्या मिळतात, आमच्याकडची माणसं वर्षभर त्या जत्रेची वाट बघतात. तिथे मागे पडदा लावून फोटो काढून देणारे असायचे. त्यांच्यापैकी कुणीतरी काढलेला हा फोटो. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, आणि कॅमेऱ्याकडे बघून जराही न हसणारी माझी आजी.

तो फ्रेममध्ये भिंतीवर होता. एका पावसाळ्यात कौलं सरकली, पाणी भिंतीवरून फ्रेममध्ये उतरलं आणि फोटो काचेला चिकटून बसला. घाईघाईने सोडवायला गेलो तर चेहराच काचेबरोबर निघून आला. हातात उरला तो मागचा पडदा आणि आजीचे खांदे.

आजी गेली त्याला आता तीन वर्षं झाली. फोटो भिंतीवर लावायचा म्हटल्यावर शोधाशोध सुरू झाली. बाबांना आठवलं की खूप वर्षांपूर्वी, साध्या मोबाईलच्या जमान्यात, त्यांनी तो फोटो एका दुकानात स्कॅन करून घेतला होता, काकांना मोबाईलवर पाठवायला. "फाईल लहान कर रे," असं त्यांनी दुकानातल्या पोराला सांगितलं होतं. पोराने ती इमानदारीत लहान केली. पेन ड्राईव्ह सापडला, फाईल उघडली. १२० बाय १६० पिक्सेल. आणि त्यात करड्या रंगाच्या फक्त चार छटा.

चेहरा म्हणजे जणू कुणी चार रंगांच्या कागदाचे तुकडे कापून चिकटवलेले. गालावर नकाशासारख्या रेषा. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग.

छटा कमी होतात म्हणजे काय होतं

तुमच्या फोनमध्ये साधा ब्लॅक अँड व्हाईट फोटो असतो, त्यात प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. एकूण २५६ छटा. म्हणून त्याला ८ बिटचा फोटो म्हणतात.

आता या २५६ छटा चार डब्यांत भरा. ० ते ६३ पहिला डबा, ६४ ते १२७ दुसरा, १२८ ते १९१ तिसरा, १९२ ते २५५ चौथा. प्रत्येक पिक्सेलचा खरा आकडा फेकून द्यायचा आणि फक्त डब्याचा नंबर लिहून ठेवायचा. झाला २ बिटचा फोटो. जागा एक चतुर्थांश लागते. पण एकेका डब्यात ६४ वेगवेगळ्या छटा एकाच नावाखाली गेल्या.

गाल हा खरं तर हळूहळू उजळत जातो. ११८, १२१, १२४, १२७, १३०, असा. डबे केले की १२७ पर्यंत सगळं एकसारखं, आणि १२८ ला एकदम उडी. जिथे उतार होता तिथे पायरी तयार झाली. फोटोतल्या त्या नकाशासारख्या रेषा म्हणजे या पायऱ्या. त्या आजीच्या गालावर कधीच नव्हत्या.

कमी छटांचा फोटो वाईटच दिसतो असं मात्र नाही. छापखान्यात तर दोनच छटा असतात, शाई आहे किंवा नाही. तरी वर्तमानपत्रातला फोटो आपल्याला फोटोच दिसतो, कारण तो लहानमोठ्या ठिपक्यांनी बनलेला असतो. लांबून डोळा त्या ठिपक्यांची सरासरी काढतो. हे हाफटोनचं तंत्र. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी हेच काम करायचे. रतलामला जाऊन ते हाफटोन ब्लॉक बनवायला शिकले, पुढे लोणावळ्याला त्यांनी स्वतःचा एनग्रेव्हिंगचा छापखाना काढला. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा.

कॉम्प्युटरमध्ये हेच काम करणारी एक प्रसिद्ध पद्धत १९७६ मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी मांडली. एका पिक्सेलला डब्यात कोंबताना जेवढी चूक होते, तेवढी शेजारच्या पिक्सेलांवर वाटून टाकायची. मग छटा कमी असल्या तरी हरवलेल्या छटेची खूण ठिपक्यांच्या दाटीत शिल्लक राहते. आमच्या दुकानातल्या पोराने हा पर्याय निवडला असता तर मी आज वेगळी गोष्ट सांगितली असती. त्याने सरळ डबे केले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाताचं बियाणं आणि फोटो

मग उलटं कसं जायचं? प्रत्येक पिक्सेलचा डबा माहीत आहे, डब्यातला नेमका आकडा माहीत नाही. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला ६४ शक्यता. एकूण पिक्सेल १९,२००. तर एकूण शक्य फोटो किती? ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, असं १९,२०० वेळा. ही संख्या लिहायला घेतली तर ३४ हजारांहून जास्त अंक लागतात. ज्ञात विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण ८० अंकी मानतात. तेव्हा एकेक फोटो तपासत बसणं विसरा.

आणि गंमत म्हणजे या सगळ्या फोटोंचे डबे केले तर आपली ती चार छटांची फाईलच मिळते. एकेक फोटो तिच्याशी तंतोतंत जुळणारा. त्यातला एक माझ्या आजीचा खरा फोटो. बाकीचे जवळजवळ सगळे नुसती मुंग्यामुंग्यांची वाळू.

इथे उत्क्रांती कामाला येते. आमच्याकडे भात कापायच्या आधी घरातलं जुनं माणूस शेतात फिरायचं. भरलेली, टपोरी, रोग न पडलेली लोंबी दिसली की वेगळी काढायची, पुढच्या वर्षीचं बियाणं म्हणून. भाताच्या आत काय रचना आहे हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. चांगलं कुठलं हे ओळखता येत होतं, आणि दर वर्षी निवड करायची चिकाटी होती. तेवढ्यावर भाताचे वाण टिकले आणि सुधारले.

कॉम्प्युटरमध्ये हेच करायचं. बर्लिनमध्ये रेशेनबर्ग आणि श्वेफेल यांनी १९६० च्या दशकात या वाटेवर काम सुरू केलं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॉन हॉलंड यांचं १९७५ चं पुस्तक आलं आणि 'जेनेटिक अल्गोरिदम' हे नाव रुळलं. हे नुसतं पुस्तकी नाही हं. २००६ मध्ये नासाने तीन छोटे उपग्रह सोडले, त्यांचा एक अँटेना याच पद्धतीने बनवलेला होता. वाकडीतिकडी वळवलेली पेपरक्लिप असते ना, तसा दिसतो तो. कुठल्या इंजिनिअरने तो आकार काढला नसता, पण काम चोख करत होता.

माझ्या प्रोजेक्टमध्ये मी असं केलं. सुरुवातीला ६० फोटो बनवले, सगळे फाईलशी जुळणारे. काहींमध्ये डब्यातले आकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठलेही, काही आधीच थोडे गुळगुळीत केलेले. ही पहिली पिढी. प्रत्येकाला गुण दिले. नियम साधा, शेजारच्या पिक्सेलशी जितकं जुळवून घेशील तितके गुण जास्त. कारण चेहऱ्याची त्वचा सहसा हळूहळू बदलते. या गुणांना फिटनेस म्हणतात. जिमवाला फिटनेस नाही हा.

मग जास्त गुणांचे फोटो आई-बाप म्हणून निवडायचे. एकाचा एक चौकोनी तुकडा कापून दुसऱ्यात बसवायचा. नाक आईचं, डोळे बापाचे म्हणतो ना, तसं. मग मुलात इथेतिथे एखाद्या तुकड्याची छटा थोडी वरखाली करायची, हे उत्परिवर्तन. फक्त एक अट, डबा सोडून बाहेर जायचं नाही. आणि सगळ्यात चांगले दोन फोटो काहीही न बदलता पुढच्या पिढीत पाठवायचे, नाहीतर झालेली कमाई हातची जाते. असं हजारो पिढ्या.

लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. पहिल्या रात्री लाईट गेली आणि बॅटरीही संपली. सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी दर शंभर पिढ्यांनी फाईल सेव्ह होईल अशी सोय केली. हा धडा फुकट देतेय, घ्या.

तिसऱ्या सकाळी उठून बघते तर स्क्रीनवर माणूस होता. गालावरच्या रेषा गेल्या होत्या, पदराला घडी दिसत होती, डोळ्यांच्या डागांभोवती पापण्यांसारखं काहीतरी होतं. मी आईला हाक मारली. आई बघतच राहिली.

"ही बाय कोन गो?"

आजीची धाकटी बहीण अजून आहे. आम्ही तिला मावशीआजी म्हणतो. ती मुरबाड तालुक्यात राहते, सरळगावच्या पुढे आत. शहापूरहून किन्हवलीमार्गे गेलो. बरोबर चुलतभाऊ होता. त्याने त्याच फाईलवर फोनमधलं एक ॲप वापरलं होतं. ॲपने दहा सेकंदांत फोटो दिला होता, धारदार, चकचकीत. आजी गोरीपान, नाक सरळ, ओठ रेखीव. मी रस्ताभर त्याची टर उडवत होते, की हे ॲप अंदाजाने दुसरीच बाई बनवून देतं.

टर उगाच नव्हती. २०२० मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या एका प्रोग्रॅममध्ये कुणीतरी बराक ओबामांचा पिक्सेल पिक्सेल दिसणारा फोटो टाकला. बाहेर आला एक गोरा माणूस. आणि त्या गोऱ्या माणसाचा फोटो पुन्हा तेवढाच बारीक केला की ओबामांच्या त्या फोटोशी जुळत होता! प्रोग्रॅमने नियम कुठेच मोडला नव्हता. जुळणारे चेहरे असंख्य होते, त्यातला त्याच्या ओळखीचा चेहरा त्याने उचलला.

तर आम्ही मावशीआजीकडे पोचलो. चहा झाला. आधी भावाने फोन पुढे केला. तिने बघितलं आणि हसली. "सिनेमातली हाय." मी मनात म्हटलं, आता माझी पाळी. मी लॅपटॉप उघडला. तिने चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ बघितलं.

"ही बाय कोन गो?"

मी म्हटलं, "मावशीआजी, अगं तुझी बहीण."

"नाय. तिच्या कपालावर गोंदान व्हतं. हितं, कुकवाच्या वर. आन् हनवटीला तीन ठिपकं. आमी दोघी एकाच जत्रंत गोंदून घेतलं. ही गोंदान नसलेली बाय माझी भैन कशी?"

तिच्या स्वतःच्या हनवटीवर ते तीन ठिपके होते. हिरवट, सुरकुत्यांत थोडे पसरलेले. मी लहानपणापासून बघत आलेय, आणि फोटो करताना मला एकदाही आठवलं नाही.

घरी येऊन मूळ चार छटांची फाईल मोठी करून बघितली. कपाळावर, कुंकवाच्या वर, चार गडद पिक्सेल होते. मी ते आधी पाहिले होते आणि स्कॅनरवरचा कचरा समजले होते. माझ्या अल्गोरिदमनेही तेच केलं होतं.

कसं, ते बघा. डब्याबाहेर जायचं नाही ही अट होती ना? अल्गोरिदमने ती पाळली. गोंदणाचा पिक्सेल पहिल्या डब्यातला, ० ते ६३. आजूबाजूची त्वचा दुसऱ्या डब्यातली, ६४ ते १२७. गुण मिळतात शेजाऱ्याशी जुळवून घेतल्यावर. मग त्याने गोंदण वर ढकलत ढकलत ६३ वर आणलं आणि शेजारची त्वचा खाली ओढत ६७ वर आणली. ६३ आणि ६७ मधला फरक डोळ्याला कुठे दिसणार? अट शंभर टक्के पाळली, गुण भरपूर मिळवले, आणि आजीचं गोंदण पुसलं.

ॲपने तिला गोरी केलं होतं. मी तिला कोरी केलं होतं. भावाची टर उडवायचा मला काही हक्क नव्हता.

खरी पायरी, खोटी पायरी

मग मी विचार करत बसले. गालावरची पायरी खोटी आहे, ती जायला हवी. कपाळावरची पायरी खरी आहे, ती राहायला हवी. पण फाईलमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, पहिला डबा आणि त्याला लागून दुसरा डबा. खरी कुठली, खोटी कुठली, हे फाईलमध्ये लिहिलेलंच नाही. ते फक्त चेहरा पाहिलेल्या माणसाला माहीत असतं.

एकच फिटनेस ठेवला की एकच बाजू जिंकते. म्हणून मी दोन ठेवले. एक, गुळगुळीत किती आहे. दोन, फाईलमधल्या पायऱ्या किती ठळक राहिल्या आहेत. ही दोन उद्दिष्टं एकमेकांच्या विरोधात जातात. अशा भांडणासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत आपल्याकडची आहे. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेली, एनएसजीए-टू नावाची. त्यांचा लेख २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची खुबी अशी की ती एकच उत्तर तुमच्या हातात ठेवत नाही. ती उत्तरांची एक रांग देते. एका टोकाला अगदी गुळगुळीत फोटो, दुसऱ्या टोकाला अगदी पायऱ्यापायऱ्यांचा, आणि मधे बरेच. निवड तुम्ही करा म्हणते.

निवड कोण करणार, हे आता मला ठाऊक होतं.

माणसालाच फिटनेस बनवायची कल्पनाही जुनी आहे. ब्रिटनमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात इव्होफिट नावाची प्रणाली तयार झाली, तिथले पोलीस ती वापरतात. साक्षीदाराला "नाक कसं होतं, भुवया कशा होत्या" असं विचारलं तर धड सांगता येत नाही. पण चेहरे समोर ठेवले तर "हा जरा तसा वाटतो" एवढं सांगता येतं. मग त्यांनी निवडलेल्या चेहऱ्यांची पुढची पिढी बनवायची, पुन्हा दाखवायची. असं करत करत संशयिताच्या चेहऱ्याजवळ जायचं.

पुढच्या रविवारी पुन्हा मावशीआजीकडे. या वेळी प्रोग्रॅम असा केला की चेहऱ्याचे भाग वेगळे, कपाळ वेगळं, गाल वेगळे, डोळे वेगळे, आणि प्रत्येक भाग किती गुळगुळीत करायचा हे वेगवेगळं. स्क्रीनवर एका वेळी चारच चेहरे, मोठे. तिने त्यातले दोन निवडायचे.

पहिल्या फेरीत तिला काही कळेना. "सगल्या एकसारख्याच." दुसऱ्या फेरीत म्हणाली, "ही, हिचं कपाल बरं." तिसऱ्यात तिने एका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि नुसती बघत राहिली. कपाळावरचं गोंदण परत आलं होतं, गाल मात्र मऊ होते. सहाव्या फेरीनंतर तिने चष्मा काढून ठेवला. "पुरं आता. डोलं दुकतात."

ही या पद्धतीची ठरलेली अडचण आहे. कॉम्प्युटर हजारो पिढ्या न थकता चालतो, माणूस पाच-सहा पिढ्यांत दमतो. म्हणून आधीची मेहनत मशीनकडून करून घ्यायची आणि माणसाला शेवटच्या थोड्या फेऱ्यांसाठी बोलवायचं. इथे एक कबुली देऊन टाकते. नुसता गुळगुळीतपणा हवा असेल तर उत्क्रांतीची गरजच नाही. गणिताच्या दुसऱ्या पद्धती तेच काम काही सेकंदांत करतात. जिथे चांगलं काय याचं सूत्रच लिहिता येत नाही, पण समोर आलं की ओळखता येतं, तिथे ही पद्धत उपयोगी.

सहाव्या फेरीतला चेहरा बघून मावशीआजी म्हणाली, "आता हाय ती." मग लगेच, "पन हनवटीचं कुठं हाय?"

जे फाईलमध्ये नाही

हनवटीकडे मी तासन् तास बघितलं होतं. तिथे काहीच नाही. एकही वेगळा पिक्सेल नाही. असं का, याचा अंदाज सांगते. हनवटी पदराच्या सावलीत होती. समजा तिथली त्वचा ९५ आणि गोंदण ७०. दोन्ही दुसऱ्या डब्यातले. डबे केल्याबरोबर फरक शून्य झाला.

कपाळाचं गोंदण दबलं होतं, हनवटीचं मात्र गेलं होतं. दबलेलं शोधता येतं. गेलेलं कुठल्याही अल्गोरिदमला परत आणता येत नाही, मग तो उत्क्रांतीवाला असो, एआय असो, की उद्या येणारं आणखी काही. आधी म्हटलं होतं ना, त्या पोराने चूक शेजाऱ्यांत वाटणारी पद्धत निवडली असती तर? मग हनवटीवर ठिपक्यांची दाटी जराशी बदललेली दिसली असती, काहीतरी धागा मिळाला असता.

हे मी मावशीआजीला माझ्या परीने समजावलं. म्हटलं, "मावशीआजी, मशीनला ते दिसतच नाहीये. मी हाताने काढू शकते, तू सांगशील तिथे. पण मग ते फोटोतलं नसेल, तुझ्या आठवणीतलं असेल."

ती म्हणाली, "मंग? माझी आठवन काय खोटी हाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मी फोटो मोठा करून प्रिंट काढून नेला होता. तिने पेन मागितलं. हात थरथरतो तिचा. डाव्या हाताने स्वतःची हनवटी चाचपली आणि उजव्या हाताने प्रिंटवर तीन ठिपके दिले. मधला जरा खाली गेला.

आज आमच्या भिंतीवर तोच प्रिंट आहे, पेनाच्या ठिपक्यांसकट. मागच्या बाजूला मी लिहून ठेवलंय: चार छटांची मूळ फाईल अमुक ठिकाणी आहे, गाल आणि डोळे हा कॉम्प्युटरचा अंदाज, कपाळाचं गोंदण फाईलमधलं, मावशीआजीने ओळखलेलं, हनवटीचे ठिपके मावशीआजीने स्वतःच्या हाताने दिलेले. खाली तारीख.

कुणाला वाटेल, घरच्या फोटोला एवढं कशाला? मला वाटतं, पन्नास वर्षांनी कुणी तो फोटो बघेल तेव्हा त्याला कळायला हवं की यात फोटोने किती सांगितलं आणि आम्ही किती भर घातली.

जाता जाता

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. घरात जुना फोटो असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा किंवा नीट उजेडात काचेवरूनच फोटो काढा. स्कॅन करताना 'ब्लॅक अँड व्हाईट' असा पर्याय दिसला तर तो दाबू नका, बऱ्याच स्कॅनरमध्ये त्याचा अर्थ फक्त दोन छटा असा असतो. 'ग्रेस्केल' घ्या, किंवा सरळ रंगीत घ्या. फोटो लहान असेल तर ६०० डीपीआय ठेवा. फाईल मोठी झाली तर होऊ दे, फोनमध्ये आपण रोज सकाळी येणारे गुड मॉर्निंगचे फोटो साठवतोच की. मोठी फाईल जपून ठेवा आणि पाठवायला तिची लहान प्रत बनवा.

कुठलंही ॲप वापरायचं तर बिनधास्त वापरा, पण मूळ फाईलवर नाही, प्रतीवर. ॲपने दिलेला चेहरा सुंदर असला तर आधी विचारा, सुंदर म्हणजे काय हे याला कुणी शिकवलं? त्या शिकवणीत गोंदण होतं का, आपल्या आजीच्या रंगाची माणसं होती का?

आणि शेवटचं. ज्यांनी तो चेहरा खरोखर बघितलाय अशी माणसं घरात आहेत तोवर त्यांना फोटो दाखवा आणि ती जे बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. मी नंतर मावशीआजीला विचारलं की त्या जत्रेत गोंदून घेताना दुखलं का. त्यावर ती पाऊण तास बोलली. आजी रडली होती म्हणे, आणि मग घरी जाईपर्यंत दोघी हसत होत्या. फोटोत आजी का हसत नाही, तेही त्यात निघालं. हनवटी ठणकत होती!

चला, पाऊस वाढलाय, लाईट जायच्या आत हे अपलोड करते. तुमच्या घरातल्या एखाद्या फोटोची गोष्ट असेल तर मला जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.